अ‍ॅन फ्रँकची डायरी आणि आमची नववीतली लेक: "ती सेम माझ्यासारखी आहे" हे बरोबर आहे का?

रातराणी_७८

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. धाकटी यंदा नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या मामाने तिला अ‍ॅन फ्रँकची डायरी आणून दिली, दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये घरच्यांबरोबर लपून राहिलेल्या ज्यू मुलीची. मला वाटलं चार पानं वाचेल आणि ठेवून देईल, पण हिने चार दिवसांत संपवली. ताटावर बसून वाचत होती म्हणून मी ओरडले तर म्हणते, "आई, तू सेम तिच्या आईसारखी बोलतेस."

मग रोज हेच. तिला पण सगळे बडबडी म्हणायचे, मला पण म्हणतात. तिची मोठी बहीण मार्गो शांत आणि हुशार आणि सगळ्यांची लाडकी, आमच्याकडे पण तेच (मोठी इंजिनिअरिंगला आहे). तिला तिची खोली त्यांच्याबरोबर लपलेल्या डेंटिस्ट काकांबरोबर वाटून घ्यावी लागली आणि टेबलावरून भांडणं झाली, आणि आमच्याकडे सासूबाई राहायला आल्यापासून हिची खोली गेली. अ‍ॅनने भिंतीवर नटनट्यांचे फोटो चिकटवले होते, हिनेही परवा कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले.

आधी बरं वाटलं की पोरगी वाचतेय. मग एका रात्री झोपच येईना. अहो, ती मुलगी पंधराव्या वर्षी बर्गन-बेल्सनच्या छावणीत टायफसने गेली. आणि आमची इथे मऊ गादीवर लोळत म्हणतेय सेम माझ्यासारखी. तुम्हाला काय वाटतं, मुलांनी स्वतःला असं त्यात बघावं का? मी काही बोलावं की गप्प बसावं? ज्यांच्या घरात या वयाची मुलं आहेत त्यांनी जरूर लिहा. आणि त्या डायरीत आईबद्दल जे लिहिलंय ते वाचून मला लागलंच थोडं, पण ते जाऊ दे.

ढोबळी_मिरची

लेक स्वतः डायरी लिहायला लागली असेल तर तिच्या कपाटाला हात लावू नकोस बाई. आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता :)

इतिहासवेडा

मी स्पष्टच लिहितो, राग मानू नका. मला हे "सेम माझ्यासारखी" फार खटकतं. नेदरलँड्समध्ये १९४० साली साधारण १,४०,००० ज्यू होते. त्यातल्या सुमारे १,०७,००० लोकांना छावण्यांत पाठवलं आणि परत आले ५,००० च्या आसपास. त्यातली ही एक मुलगी. डायरी १ ऑगस्ट १९४४ ला थांबते, ४ ऑगस्टला पोलीस आले. पुढे नेदरलँड्समधलीच वेस्टरबोर्कची छावणी, मग ३ सप्टेंबरला १,०१९ माणसं भरलेली गाडी ऑशविट्झच्या छावणीला गेली त्यात त्या घरात लपलेले आठही जण, आणि तिथून ऑक्टोबरच्या शेवटी मार्गो आणि अ‍ॅन बर्गन-बेल्सनला. यातलं काहीही डायरीत नाही, असूच शकत नाही. म्हणजे मुलं वाचतात काय, तर लपून राहिलेल्या एका मुलीची भांडणं आणि तिथेच लपलेल्या पीटरबरोबरचं पहिलं प्रेम. ज्याला होलोकॉस्ट म्हणतात, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, ते शेवटच्या पानानंतर सुरू होतं.

शिवाय ते "माणसं मुळात चांगली असतात" असं वाक्य जो तो स्टेटसला टाकतो. ते १५ जुलै १९४४ चं आहे. त्याच नोंदीत तिने असंही लिहिलंय की गडगडाट जवळ येतोय आणि तो आम्हालाही संपवेल. आणि बरोबर वीस दिवसांनी तिला पकडलं. अर्धंच वाक्य का शेअर करायचं?

निळी_शाई

मी सतरा वर्षांची आहे, इथे वाचनमात्र असते, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. सीबीएसईला दहावीत इंग्रजीच्या पुस्तकात तिच्या डायरीचा एक धडा होता आम्हाला. त्यात ते गणिताचे सर बडबड करते म्हणून निबंध लिहायची शिक्षा देतात आणि ती बदकाच्या पिल्लांची गोष्ट लिहून सरांनाच हसवते. आमच्या वर्गात सगळ्यांना तेवढंच माहीत होतं. पेपरात प्रश्न पण तेच, सरांचा स्वभाव कसा होता वगैरे. ती मेली हे धड्याच्या आधीच्या माहितीत एका ओळीत होतं आणि आमच्या मॅडमनी ते वाचून पान उलटलं.

मी पूर्ण डायरी लॉकडाऊनमध्ये वाचली होती, तेव्हा मी लहान होते आणि मला पण वाटलं की आपण पण घरात कोंडलेले, ती पण. मैत्रिणींना मेसेज पण केला तसा. मग एक दिवस ते वाचलं की दिवसा खालच्या ऑफिसात कामगार असायचे म्हणून त्यांना संडासचं पाणी सुद्धा सोडता यायचं नाही, बूट घालून चालायचं नाही, खोकला आला तरी दाबायचा. आणि आम्ही घरात टाळ्याथाळ्या वाजवत होतो, ऑर्डर करून पिझ्झा मागवत होतो. तेव्हा मला तो मेसेज पाठवल्याचं फार वाईट वाटलं. पण काका, मी सेम-सेम म्हणत वाचलं नसतं तर त्या पाण्यापर्यंत पोचलेच नसते. पहिल्या वीस पानांतच सोडून दिलं असतं.

सुपारी_बाग

निळी शाई, छान लिहिलंस. लिहीत जा इथे, नुसती वाचू नकोस.

खडू_फळा

मी आठवी ते दहावीला शिकवते, तालुक्याच्या गावात, मराठी माध्यम. इतिहासवेडा यांचं म्हणणं आकड्यांच्या बाबतीत बरोबर आहे पण मला वर्गात वेगळा अनुभव आला तो सांगते, जरा लांबेल.

आमच्याकडे पोरांना हिटलर म्हणजे कडक शिस्तीचा, देश उभा करणारा माणूस असं वाटतं. हे ते कुठून आणतात ते शोधायला लांब जायला नको, रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर त्याचं आत्मचरित्र सर्रास मिळतं आणि घरोघरी "ह्या देशाला एक हिटलरच पायजे" हे वाक्य जेवणाच्या ताटावर बोललं जातं. एका पोराने तर मला विचारलं, बाई, त्याने रस्ते चांगले बांधले ना? मी त्यांना मारलेल्या ज्यूंचा साठ लाखांचा आकडा सांगितला. फरक पडला नाही. आकडा ऐकून पोरं वहीत लिहून घेतात, बस.

मग दुसऱ्या दिवशी मी अ‍ॅनची २० जून १९४२ ची नोंद घेतली. त्यात तिने यादी दिलीय ज्यूंना काय काय बंद झालं त्याची. पिवळा तारा शिवून घ्यायचा, सायकली जमा करायच्या, ट्रामने जायचं नाही, दुपारी ३ ते ५ याच वेळात दुकानात जायचं, रात्री ८ नंतर बाहेर दिसायचं नाही, अगदी स्वतःच्या घरच्या बागेत सुद्धा बसायचं नाही, पोहायला जायचं नाही, मैदानावर खेळायचं नाही, शाळा वेगळी. मी ती फळ्यावर लिहिली आणि म्हटलं आपापला कालचा दिवस वहीत लिहा आणि यातलं जे जे बसतं ते खोडा. रस्तेवाल्या पोराची सायकल पहिली गेली, तो रोज सात किलोमीटरवरून सायकलने येतो. मग त्याचा कबड्डीचा सराव गेला, मग संध्याकाळची शिकवणी. वहीत उरलं काय तर जेवलो आणि झोपलो. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाई, सायकल परत कधी द्यायचे?"

आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्षभरात कधी हात वर न करणारा, उठून म्हणाला, आमच्या आजोबांना पण विहिरीवर चढू देत नव्हते, शाळेत दाराबाहेर बसवायचे. वर्ग एकदम गप्प. त्यानंतर मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी आम्ही महाडचं चवदार तळं आणि १९२७ सालच बोललो, घंटा होईपर्यंत.

तर रातराणीताई, लेकीला म्हणू द्या सेम माझ्यासारखी.

इतिहासवेडा

बाई, तुमचा तास मला मनापासून आवडला, सायकलचं वाचून थांबलोच. पण दोन वेगवेगळ्या इतिहासांची अशी गाठ मारणं मला धोक्याचं वाटतं. एक शतकानुशतकांची व्यवस्था, एक काही वर्षांत कारखान्यासारखा चालवलेला संहार.

खडू_फळा

तो मोजमाप करत नव्हता हो. त्याच्या घरात जे होतं ते त्याला त्या यादीत दिसलं म्हणून तो उठला. फरक समजावणं माझं काम आहे, ते मी नंतर केलं. पण उठलेल्या पोराला खाली बस कसं सांगणार?

कालव्याकाठी

मी अ‍ॅमस्टरडॅमला अकरा वर्षं आहे. घरी पाहुणे आले की प्रिन्सेनग्राख्ट २६३ ला नेणं होतंच, त्यामुळे ते लपले होते ते घर कितीतरी वेळा बघून झालंय. पुस्तकांच्या कपाटामागून आत गेलं की जिना इतका उभा की हातांनी धरून चढावं लागतं. खोल्या रिकाम्या आहेत. पकडून नेल्यावर जर्मनांनी सगळं सामान उचलून नेलं होतं आणि वडील, म्हणजे ऑटो फ्रँक, आठांमध्ये तेच एकटे परतले, त्यांनी सांगितलं की खोल्या तशाच रिकाम्या ठेवा. अ‍ॅनच्या भिंतीवरचे नटनट्यांचे फोटो मात्र अजून आहेत, काचेमागे.

पण मुलांची पावलं जिथे थबकतात ती जागा वेगळीच. एका भिंतीच्या कागदावर पेन्सिलच्या रेघा आहेत. मुलींची उंची मोजायचे त्या. आपल्याकडे दाराच्या चौकटीवर करतात ना, तसंच. दोन वर्षांत अ‍ॅन तेरा सेंटिमीटरहून जास्त वाढली. माझा भाचा बारा वर्षांचा, पुण्याहून आला होता, तोपर्यंत कंटाळून माझ्या मागे मागे फिरत होता. त्या रेघांपाशी उभा राहिला आणि स्वतःच्या डोक्यावर आडवा हात धरून सरळ रेषेत भिंतीकडे नेला. मग मला म्हणाला, मावशी, मी हिच्यापेक्षा उंच आहे. बाहेर आल्यावर ट्रामच्या स्टॉपपर्यंत बोलला नाही. त्यालाही तुम्ही सेम माझ्यासारखं म्हणाल का? मला माहीत नाही काय म्हणायचं, पण मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मिसळपाव_नको_पोहे

अवांतर: कोल्हापूरजवळ वळीवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या लोकांची छावणी होती ना? ते पण ज्यूच होते ना पळून आलेले?

इतिहासवेडा

नाही, ही गल्लत फार जण करतात. १९४३ ते १९४८ मध्ये वळीवड्याला साधारण ५,००० पोलिश लोक होते, मुख्यतः बायका आणि मुलं, आणि बहुतेक कॅथलिक. सोव्हिएत रशियाने १९४० च्या सुमारास पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियाकडे नेलेली कुटुंबं ती, तिथून सुटून इराणमार्गे इकडे आली. त्यांचे हाल वेगळे, ती गोष्ट वेगळी. पण वळीवड्याला जरूर जा, स्मारक आहे.

नागावची_नात

माझे आजी-आजोबा अलिबागजवळचे, बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू, गावात शनवार तेली म्हणायचे. मी आता इस्रायलमध्ये असते. आमच्या घरातल्या कोणालाही नाझींचा त्रास झाला नाही, कोकणात ते दिवस भाताच्या लावणीत आणि तेलाच्या घाण्यावर गेले. आजी म्हणायची आपल्याला इथे कधी कुणी बोट लावलं नाही. पण इथे होलोकॉस्टच्या स्मृतिदिनाला सकाळी दोन मिनिटं भोंगा वाजतो, महामार्गावर गाड्या थांबतात, लोक गाडीतून उतरून उभे राहतात. पहिल्या वर्षी मला कळेना की मी कोणासाठी उभी आहे, माझं तर कुणी गेलं नाही. शेजारी एक मुलगी उभी होती, शाळेचं दप्तर पाठीवर. मी अ‍ॅनला आठवून उभी राहिले, कारण नावाने मला ती एकटीच माहीत होती. आता बाकीचीही नावं माहीत झालीत. सुरुवात तिच्यापासून झाली.

पाटी_पेन्सिल

ज्यांच्या मुलांनी अ‍ॅन वाचून झाली त्यांनी पुढे ही नावं द्या. प्रागचा पेतर गिन्झ, जन्म १ फेब्रुवारी १९२८. त्याच्या डायरीत सकाळी शाळा, दुपारी घरी, असं अगदी कोरडं लिहिलेलं असतं आणि मधेच एक ओळ की अमुक कुटुंबाला गाडीने नेलं. पोरांना ही शैली ओळखीची वाटते, त्यांचे मेसेजही असेच असतात. नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या तेरेझीनच्या वसाहतीत तो मुलांचं साप्ताहिक चालवायचा, नाव वेदेम. सोळाव्या वर्षी ऑशविट्झला मारला गेला. त्याने काढलेलं एक चित्र आहे, चंद्रावरच्या डोंगरांमधून दिसणारी पृथ्वी. त्याची प्रत इस्रायलचे अंतराळवीर इलान रामोन २००३ साली कोलंबिया यानातून घेऊन गेले. हो, तेच यान, आपली कल्पना चावला ज्यात होती. यान कोसळलं तो दिवस १ फेब्रुवारी, पेतरचा पंचाहत्तरावा वाढदिवस. बातम्यांत ते चित्र दाखवलं आणि प्रागमधल्या एका माणसाच्या लक्षात आलं की आपल्या माळ्यावर सापडलेल्या वह्या याच मुलाच्या. तशी ती डायरी बाहेर आली.

दुसरी रुत्का लास्किएर, पोलंडमधलं बेंझिन. अ‍ॅनच्याच वर्षी जन्मलेली. १९४३ च्या जानेवारी ते एप्रिल एवढीच वही, ती जिन्याच्या फरशीखाली लपवून ठेवली होती. मैत्रिणीने युद्धानंतर काढली आणि साठ वर्षांहून जास्त काळ जपली. ती वाचताना अ‍ॅनसारखा आडोसा नाही. एका पानावर आवडलेला मुलगा आणि पुढच्याच पानावर रस्त्यात डोळ्यांदेखत झालेली हत्या. इतिहासवेडा, तुम्ही म्हणता ना की भयंकर ते शेवटच्या पानानंतर येतं, इथे ते मधल्या पानांतच आहे.

आणि मुलगा असेल घरात तर पोलंडमधल्याच वूजच्या दाविद शेराकोव्याकच्या वह्या. भूक म्हणजे काय ते तिथे कळतं. बापाने घरच्यांच्या वाट्याचा पाव खाल्ला हे तो लिहितो. एकोणिसाव्या वर्षी क्षयाने गेला. पण हे दहावीच्या आत नको.

आईच्या_बाजूने

सगळे मुलांचं बोलताय, मी रातराणीच्या शेवटच्या ओळीवर बोलणार. तुला लागलं ना, मलाही लागलं होतं. एदिथ फ्रँक, अ‍ॅनची आई. एका रात्री वडील येईनात म्हणून ती मुलीजवळ आली, म्हणाली मी म्हणते प्रार्थना तुझ्याबरोबर, तर अ‍ॅन नको म्हणाली. आई दारात थबकली आणि म्हणाली, प्रेम जबरदस्तीने मिळत नाही. रडत गेली. ते पान वाचून मी पुस्तक उपडं ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसले होते.

पण पुढचं पण वाच आणि लेकीलाही दाखव. २ जानेवारी १९४४ ची नोंद. अ‍ॅन तिचीच जुनी पानं वाचते आणि हादरते की आईबद्दल इतका द्वेष मी लिहिला? कळत होतं पोरीला. आणि छावणीत या तिघी मायलेकी एकमेकींना धरून असायच्या, असं तिथून वाचलेल्या बायकांनी सांगितलंय. मुलींना बर्गन-बेल्सनला नेलं तेव्हा आई मागे राहिली आणि जानेवारी १९४५ मध्ये ऑशविट्झलाच वारली. एदिथने डायरी लिहिली नाही, तिची बाजू कुठल्याच पुस्तकात नाही. मला तिच्याबद्दल जीव तुटतो. मला विचारशील तर सेम माझ्यासारखी ती आहे.

रातराणी_७८

@आईच्या_बाजूने, डोळे भरले गं. आज रात्री ते पान काढते.

ढोबळी_मिरची

निळी शाई, एक सांगते, त्या डायरीत दोन पानं तिने स्वतःच खाकी कागद चिकटवून झाकली होती. २०१८ मध्ये संशोधकांनी खालची अक्षरं वाचली तर निघाले काय, चावट विनोद आणि मोठी होतानाच्या गोष्टी. मला तर ती पानं वाचायलाच नको होती असं वाटलं. पोरीने झाकली होती ना?

निळी_शाई

मावशी, मला दोन्ही वाटतं. पण तिने १९४४ मध्ये रेडिओवर ऐकलं की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या, पत्रं गोळा करणार आहेत, तेव्हापासून ती स्वतःच डायरी पुन्हा लिहून काढत होती, छापायची म्हणून. त्या नव्या प्रतीत तिने काय घ्यायचं काय नाही ते ठरवलं होतं. लेखिका व्हायचं होतं तिला. सगळे तिला बिचारी म्हणून वाचतात पण ती तर एडिटिंग करत होती, चौदा-पंधराव्या वर्षी, बटाटे सोलून झाल्यावर. मला ती इथे सेम माझ्यासारखी वाटत नाही, माझ्या खूप पुढे वाटते.

पेठेतला_वाडा

उशिरा आलो. एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून. २७ फेब्रुवारी १९४३ ची नोंद काढा. त्यात अ‍ॅनने चर्चिलना न्यूमोनिया झाल्याचं लिहिलंय आणि पाठोपाठ गांधीजींच्या उपोषणाचं. म्हणजे पुण्याचं. आगाखान पॅलेसमध्ये १० फेब्रुवारीला सुरू केलेलं एकवीस दिवसांचं उपोषण, ते ३ मार्चला सुटलं. त्या माळ्यावर बसलेल्या तेरा वर्षांच्या पोरीला येरवड्याच्या बाजूला काय चाललंय ते माहीत होतं. आणि आम्ही पुण्यात राहून तिच्याबद्दल एका धड्यापुरतं जाणतो.

रातराणी_७८

सगळ्यांचे खूप आभार. आठवडाभर लिहायला झालं नाही. पेठेतला वाडा, तुमची ती नोंद लेकीला दाखवली. तिने ती आधी वाचली होती पण लक्षातच आलं नव्हतं, गांधीजींचं नाव आहे तेवढं आठवत होतं. मग रविवारी आम्ही दोघी डोंबिवलीहून पहाटेच्या गाडीने पुण्याला गेलो, आगाखान पॅलेसला. तिने बोटांवर मोजलं की २७ तारखेला उपोषणाचा अठरावा दिवस होता. कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाधीपाशी बराच वेळ बसलो.

परतीच्या गाडीत तिने पुस्तक पुन्हा काढलं आणि त्याच नोंदीतला दुसरा भाग मला वाचून दाखवला. त्याच दिवसांत घरमालकाने ती इमारत कोणाला न सांगता विकली होती आणि नवा मालक आर्किटेक्टला घेऊन घर बघायला आला. ऑफिसातले क्लायमन मागच्या घराची किल्ली घरी विसरलो म्हणाले, म्हणून ते आत गेले नाहीत. लेक म्हणाली, "आई, अठरावा दिवस तिकडे, आणि इकडे किल्ली." मग कर्जतपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होती. मी काही विचारलं नाही.

"सेम माझ्यासारखी" अजून म्हणते, कालच आजीशी खोलीवरून वाजलं तेव्हा म्हणाली. मी अडवलं नाही. आईबद्दलचं जानेवारीचं पान आम्ही दोघींनी एकत्र वाचलं, ते मात्र इथे लिहीत नाही.

पाटी_पेन्सिल, रुत्काची वही तिला वाचायची आहे. इथे दोन दुकानांत विचारलं, नाही म्हणाले. कुठे मिळेल?

पाटी_पेन्सिल

माझ्याकडे आहे, इंग्रजी. पत्ता व्यनि करा, सोमवारी कुरिअर करतो. वाचून झाल्यावर परत पाठवायची घाई नाही, पण निळी शाईला हवी असेल तर पुढे तिला द्या.

निळी_शाई

हवी आहे.